माझ्या घरात डबा येणार नाही

३ मार्च २०२५, सोमवार

आधी सगळ्यांची विचारपूस. ह्यांचा गुडघा कसा आहे? — सकाळी कुरकुरला, चहा घेतल्यावर गप्प. युवराजचं पित्त? — आहे तिथेच, ऑफिसातले छोले-भटुरे सुटेपर्यंत हलायचं नाही. शिवांजलीचे टाके? — ओढ बसते म्हणते, उठताना पलंगाची कड धरते. आणि नऊ दिवसांच्या बाईसाहेब? — झोपल्यात! मुठी आवळून, कुणाशी तरी भांडण अर्धवट राहिल्यासारख्या. मी? मला काय धाड भरलीय.

(हे फौजेत होते तेव्हा ह्यांची पत्रं अशीच सुरू व्हायची, एकेकाचं नाव घेऊन. ती शेजारणीकडून वाचून घ्यायची लाज वाटायची. म्हणून युवराजच्या पहिलीच्या पुस्तकावर मी अक्षरं गिरवली. माझी शाळा तेवढीच. लिहायची सवय मात्र जडली ती जडलीच.)

आज मुनेश आली. इकडे नोएडात बाळंतिणीची चाळीस दिवस उठबस करायला बाई ठेवतात, रात्रंदिवस घरातच राहते, तिला जापावाली म्हणतात. एजन्सीवाल्या बायांचा तोरा बघून मी कमलेशला सांगितलं होतं. कमलेश म्हणजे नगला गावातली आशा सेविका. इकडे कमलेश हे बाईचं नाव असतं! म्हटलं, 'बाळाला हात लावला की बाळ गप्प होईल अशी कुणी दे.' तिने ही धाडली, नगल्याचीच. उंच, सावळी, बोलायला कमी. नवरा बांधकामावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, दिवाळीपासून खाटेवर आहे. 'मुलं?' विचारलं. 'लड़का है अम्माजी, चार साल का.' एवढंच.

बाळाला तिने नुसतं उचललं — आणि बाळ गप्प! मी बघतच राहिले.

बाकी काळजी एकच. बाईसाहेबांचं वजन अजून जन्माच्या वजनाला टेकलेलं नाही. शिवांजलीचं सीझर, दूध उतरायला वेळ लागतोय. शनिवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'अंगावर लावत राहा, पण काही दिवस थोडं वरचं दूधही द्या, वाटी-चमच्याने.' वरचं म्हणजे डब्यातली पावडर! मी तिथेच सांगितलं, 'डॉक्टर, मी गावात बायकांना हेच शिकवत फिरते. सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. माझ्या घरात डबा येणार नाही.'

युवराज म्हणाला, 'आई, यार, त्या डॉक्टर आहेत!'

'आणि मी आठ वर्षं ह्याच कामात आहे. पहिलटकरणीला वेळ लागतो. लावत राहायचं. जेवढं ओढेल तेवढं येतं.'

शिवांजली बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. गुणी आहे सून.

४ मार्च, मंगळवार

मंगळवार-शुक्रवार माझे नगल्याचे. संस्थेची गाडी नोएडाच्या शेवटच्या सेक्टरच्या पुढे नेते. टॉवर संपतात आणि एकदम गोवऱ्यांच्या उतरंडी लागतात.

आज काय बघितलं, ते लिहिताना पुन्हा अंगावर काटा येतोय. दोन दिवसांचं बाळ, ओठ सुकलेले, चोखायला चिंधी — गुळाच्या पाण्यात बुडवलेली! दोन दिवस छातीशी धरलंच नाही! का? तर 'बुआ नहीं आई.' इकडे रीत आहे: बाळाच्या आत्याने येऊन आईची छाती पाण्याने धुवायची, मानाचा आहेर, म्हणजे नेग, घ्यायचा, मग पहिलं पाजायचं. आणि आत्या बुलंदशहरला, तिची म्हैस व्यायला झालेली. म्हशीच्या पारड्यासाठी माणसाचं पोर उपाशी!

भांडून उपयोग नसतो, एवढं आठ वर्षांत शिकले. म्हटलं, 'लोटा लाओ. आजपासून मीच बुआ.'

'अम्मा, तू तो मराठन!'

'क्यों, मराठी बुआ नहीं होती क्या?'

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी लोटा घेतला, धुतलं, बाळ लावलं. 'नेग क्या लेगी?' आजीबाईंनी विचारलं. म्हटलं, 'यही नेग है, पिलाती रहो. खरी बुआ आली की तिचा तिला द्या.'

बाळाने ओठ पसरले आणि असं धरलं — असं धरलं! त्या चिमुरड्या हनुवटीकडे बघून माझे डोळे भरले.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, 'खरी बुआ आली की तुझं कोर्ट मार्शल होणार.'

७ मार्च, शुक्रवार

ब्रह्मवती नावाच्या म्हातारीच्या घरी आज पहिल्यांदाच गेले आणि उंबऱ्यातच थिजले. खाटेला बांधलेल्या झोळीत दोन महिन्यांचा नातू, लल्ला म्हणतात, आणि त्याच्या तोंडात बाटली! म्हशीचं दूध, निम्मं पाणी. बुचावर माश्या. तळाशी साय चिकटलेली, कधीची कोण जाणे.

वजन केलं. तीन किलो सहाशे. कमलेशच्या वहीत मागच्या आठवड्यात तीन किलो नऊशे होतं! ज्या दिवसांत पोरांची अंगडी आखूड व्हायची, त्या दिवसांत हे पोर उतरतंय!

'इसकी माँ?'

'मायके गई है.' झोळीकडे बघूनच म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात. दोन महिन्यांचं पोर टाकून माहेरपण! चारचौघींत म्हटलं, 'कैसी माँ है!' ब्रह्मवतीने पदर तोंडाला लावला. कमलेश वजनकाट्याचा पट्टा गुंडाळत बसली. पुन्हा सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

बाटली काढून घेतली. वाटी-चमचा दाखवला, दूध उकळून दे, पाणी घालू नको म्हणून बजावलं. पण हे तात्पुरतं. ह्या पोराला आई हवी, आणि लवकर हवी. नाहीतर — नाही लिहीत.

संध्याकाळी मुनेश बाळाला तेल चोळत होती. घराचं नाव न घेता तिला सांगितलं, 'तुझ्या गावात एक बाई अशी अशी.' तिचा हात थांबला.

'आपने क्या कहा, अम्माजी?'

'कहा, कैसी माँ है.'

'ठीक कहा,' म्हणाली आणि पुन्हा चोळायला लागली.

१० मार्च, सोमवार

आठवड्यात चारशे वीस ग्रॅम! इशिताचं (बारशाला हेच नाव ठेवलं) वजन बघून डॉक्टरीणबाईंनी काटा पुन्हा शून्यावर आणून पुन्हा तोलली. 'वा! काय केलंत?' मी मान ताठ करून म्हटलं, 'काही नाही. आईचं दूध.' युवराजकडे मुद्दाम बघितलं. तो म्हणाला, 'ओके आई, तू जीती.'

शिवांजलीला अळिवाचा लाडू भरवला. म्हटलं, 'बघ, येतं की नाही?' तिने लाडू घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून असेल. हल्ली पाजताना दार लोटून घेते. 'आई, मला लाज वाटते.' मुनेश तेवढी आत असते. ठीक आहे, शहरातल्या मुली.

मुनेशचा कुर्ता समोरून ओला दिसला. 'बेबी को नहलाया,' म्हणाली. ह्या बाईचं अर्धं आयुष्य मोरीत जातं.

११ मार्च, मंगळवार

नगल्यात सगळ्यांपुढे इशिताचं उदाहरण दिलं: माझ्या सुनेला दूध नव्हतं, मी डबा येऊ दिला नाही, आणि आता बघा! बायकांनी टाळ्या वाजवल्या. लल्ला तीन किलो पाचशे. त्याची आई अजून 'मायके'.

१४ मार्च, शुक्रवार, होळीचा रंग

सुट्टी. गाडी नाही. खाली सोसायटीत पोरांनी नुसता धिंगाणा घातलाय, ह्यांची पांढरी मिशी गुलाबी झाली!

सकाळी मुनेशने अर्धा दिवस मागितला. 'शाम को आ जाऊँगी.' मी हो म्हणणार तोच आतून शिवांजली ओरडली, 'नहीं नहीं, बिल्कुल नहीं!' मी चकित. ही पोरगी कधी आवाज चढवत नाही. म्हटलं, 'अगं, सणाचा दिवस, तिचा मुलगा वाट बघत असेल.' तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, 'आई, प्लीज. आज नको.'

मुनेश थांबली. मी तिला दोन पुरणपोळ्या बांधून दिल्या, 'लड़के के लिए.' दुपारी बघितलं तर पुडी मांडीवर घेऊन बाल्कनीत बसलेली. खाल्ली नाही, ठेवली नाही, नुसती धरून.

पहिलटकरीण इतकी आपमतलबी होते? मी तर युवराजच्या वेळी छावणीतल्या सगळ्यांच्या पोरांना न्हाऊ घालत होते. वहीत तेवढं लिहिते.

१८ मार्च, मंगळवार

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीच लिहून व्हायचं नाही.

नगल्यात पोचले. ब्रह्मवती दारातच रडत होती. लल्लाला तीन दिवस जुलाब. टाळू खोल गेलेली, डोळे वर. रडायची सुद्धा ताकद नाही, नुसतं मांजराच्या पिल्लासारखं कुईकुई. काट्यावर तीन किलो दोनशे.

मी कमलेशला म्हटलं, गाडी वळवायला सांग, सरकारी दवाखान्यात न्यायचं, आत्ता. आणि ब्रह्मवतीला म्हटलं, 'उसकी माँ को फोन लगाओ.' तिच्याकडे फोन नाही, फोन आतल्या खोलीत तिच्या मुलाच्या उशाशी, त्यात पैसे नाहीत. चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने नंबर लिहिलेला. मीच माझ्या मोबाइलवर एकेक आकडा दाबला. शेवटचा दाबला आणि स्क्रीनवर नाव आलं —

'मुनेश जापा.'

मला वाटलं, चुकून दुसरीकडे बोट लागलं. पुसला. पुन्हा भिंतीवर बघून दाबला. पुन्हा तेच! आणि फोन लागलासुद्धा.

'जी अम्माजी? बेबी सो रही है.'

मांडीवर तिचं पोर, कानात तिचा आवाज, आणि ती मला माझ्या नातीचं सांगतेय!

कमलेश खाली बसली. 'आंटी, आपने ही तो अच्छे हाथ वाली माँगी थी. इसका आदमी खाट पे पड़ा है, घर में आटा नहीं. दूध पीते बच्चे की माँ को आप रखतीं क्या? हमने ही इसे कहा, लड़का चार साल का बता देना, और सास से कहा, मायके बोल देना.'

नसतं ठेवलं. तिचं खरं आहे. मी तिला व्याख्यान देऊन परत पाठवलं असतं — पिठाच्या रिकाम्या डब्यांकडे.

फोनवर कसंबसं म्हटलं, 'मुनेश, लल्ला बीमार है. मैं लेके जा रही हूँ. तू आ.' पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज.

दोन मिनिटांत शिवांजलीचा फोन. 'आई, तिला नका बोलावू. मुनेशला नका नेऊ!' अगं, तिचं पोर मरतंय! — मी ओरडले, रस्त्यात, सगळ्यांसमोर. तरी रडत तेच, 'मग इशिताचं काय?' माझा कानांवर विश्वास बसेना. ही माझी सून?

ह्यांनी मागून फोन घेतला असावा. मुनेशला म्हणाले ते एवढंच ऐकलं: 'चल पोरी, गाडीत बस.' चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या आवाजाने इतका धीर कधी आला नव्हता.

१९ मार्च, बुधवार

सलाईन चालू. लल्ला आहे.

२० मार्च, गुरुवार

लल्लाने चोखलं! सकाळी दहाच्या सुमारास. काल दोनदा लावला तर तोंडात धरायचीही ताकद नव्हती. आज धरलं, दोनदा सोडलं, आणि मग एकदम दूध असं उसळलं की पोराला ठसका लागला! नर्सबाई म्हणाली, 'इतना दूध! और बच्चा सूखा पड़ा है?' मुनेश मान खाली घालून पाजत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. 'कैसी माँ है' म्हणाले होते मी. तिच्याच गावात. तिच्याच सासूला. आणि मग तिच्याच तोंडावर! तिने 'ठीक कहा' म्हटलं होतं. कुठल्या मातीची आहे ही बाई?

परत येताना गाडीत एक विचार आला तो जाईना. पंधरा दिवस हिचं पोर हिच्याजवळ नव्हतं. दूध आटायला हवं होतं. मीच शिकवते ना, जेवढं ओढेल तेवढं येतं, नाही ओढलं की जातं. मग हे कुठून? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, 'मला काय विचारतेस, मी तोफखान्यातला.' पिळत असेल बिचारी, अशी मीच माझी समजूत घातली.

२१ मार्च, शुक्रवार

नगल्याला गेले नाही. घरीच जीव टांगणीला.

मुनेश गेल्यापासून इशिता रडतेय. रडून रडून आवाज बसला. मला वाटलं, मुनेशच्या हाताची सवय. पण सकाळपासून लंगोट कोरडे! शिवांजली तासातासाला पाजायला घेते, पोर धरतं, दोन मिनिटांत सोडून किंचाळतं. शिवांजलीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीन दिवसांत दीडशे ग्रॅम उतरली! 'इतकी छान वाढत होती. घरात काय बदललं?'

मी म्हटलं, 'काही नाही. बाई गेली.'

त्यांनी शिवांजलीकडे बघितलं. शिवांजलीने माझ्याकडे.

चिठ्ठीवर त्यांनी पावडरीचं नाव लिहून दिलं, किती, कधी, सगळं. अंगावर लावणंही चालू ठेवा म्हणाल्या, दूध वाढवायला मदत करू म्हणाल्या. युवराजने चिठ्ठी खिशात घातली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बाप झालेला माणूस, आईची परवानगी मागत! मी, 'उद्यापर्यंत बघू,' म्हटलं. माझ्या तोंडून आलं ते!

२२ मार्च, शनिवार

दुपारी दवाखान्यात जाऊन आले. लल्लाचे जुलाब थांबले, शंभर ग्रॅम वाढला. त्याला आज घरी सोडलं. हे दोघांना नगल्याला पोचवून आले, चाळीस दिवसांचा सगळा पगार मुनेशच्या हातात ठेवून आले. 'काम पूरा नहीं किया, बाबूजी,' म्हणत होती म्हणे. इशिताची चिठ्ठी अजून युवराजच्या खिशातच आहे.

२३ मार्च, रविवार

शिवांजलीने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून.

'पहिल्याच दिवशी मुनेश बाथरूममध्ये रडत दूध पिळून टाकत होती, आई. मी बघितलं. इशिता भुकेने ओरडत होती, आणि तुम्हाला डबा नको होता. मीच म्हटलं, टाकू नकोस.'

'तिचं बाळ आहे, हे माहीत होतं?'

'हो. रोज ठरवायचे, उद्या तुम्हाला सांगेन.'

लल्लाचं दूध माझी नात पीत होती. आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या.

युवराजकडून चिठ्ठी मागून घेतली. चपला अडकवल्या, खाली केमिस्टकडे जाऊन डबा आणला, माझ्या हाताने चमच्याने पाजला. इशिता झोपली. शिवांजली माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. मी काय सांत्वन करणार?

मंगळवारी नगल्यात सगळ्यांपुढे बोलायचं आहे. टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्यापुढेच. त्याआधी मुनेशला मोबाइलवर लिहिलं. चारदा खोडलं, उरलं ते एवढं: 'मुनेश, मुझे सब मालूम हो गया. तेरी कोई गलती नहीं. लल्ला का आज का वजन लिख भेज. जल्दी लिख, बेटी.'